देवरे मॅडमचा आडवा नकाशा

देवरे मॅडमच्या खुर्चीमागच्या भिंतीवर नाशिक जिल्ह्याचा नकाशा आडवा टांगलेला होता. चुकून नव्हे, मुद्दाम. पश्चिम वर, पूर्व खाली. त्यामुळे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे डोंगराचे तालुके छताकडे गेलेले आणि येवला, नांदगाव खाली स्टुलापाशी आलेले. पहिल्यांदा खोलीत शिरलेला माणूस हटकून मान वाकडी करायचा. मीही केली होती. मॅडम फायलीतून डोकं वर न काढता म्हणाल्या होत्या, "मान दुखेल. नकाशा बरोबर आहे. सगळ्यात उंच जागा वर नको का?"

मी तेव्हा जिल्ह्याच्या ऑफिसात, त्यांच्या विभागात संगणकावर नवा रुजू झालो होतो. पंचवटीत वाढलेला मी. जिल्हा म्हणजे शहर, फार तर नाशिक रोड स्टेशन, एवढाच माझा भूगोल. मॅडम मूळच्या कळवण तालुक्यातल्या, खेड्यातून वसतिगृहात आणि वसतिगृहातून सरकारी नोकरीत आलेल्या. गावोगावच्या ग्रामसभांचं काम त्यांच्याकडे होतं. बोलायच्या शहरातल्यासारखं, पण चिडल्या की अहिराणीत जायच्या. एकदा रंगकाम झाल्यावर शिपायाने तो नकाशा सरळ करून टांगला. मॅडम दारातच थबकल्या, "हाई काय शे रे?" एवढंच म्हणाल्या. शिपाई बिचारा स्टूल शोधायला पळाला.

त्यांचं दुसरं खूळ यादीचं. आमच्याकडे सगळ्या तालुक्यांच्या याद्या अकारविल्हे लागतात. इगतपुरी पहिली, मग कळवण, चांदवड असं करत करत सुरगाणा अगदी शेवटी, पंधरावा. आढावा बैठक अकराला सुरू व्हायची. बागायती तालुक्यांची कामं निघाली की सगळे सरसावून बसत. रस्त्याचं रुंदीकरण, बाजाराचं कुंपण, सभागृहाला दुसरा मजला. दीडच्या सुमाराला चहा-वडा येई, आणि त्यानंतर सुरगाण्याचा कागद निघे तेव्हा निम्मे लोक हात धुवायला गेलेले असत. "पुढच्या बैठकीत घेऊ," म्हणून बैठक चालवणारे आमचे साहेब वही मिटत. पुढच्या बैठकीतही यादी तीच असे.

म्हणून मॅडम स्वतःच्या सगळ्या याद्या उलट्या लावायच्या. सुरगाण्यापासून सुरुवात. मी पहिल्याच आठवड्यात शहाणपणा करून त्यांची एक यादी सुलट करून दिली. त्यांनी ती शांतपणे परत केली. "दिलीप, शाळेत हजेरीपटावर तुझा नंबर कितवा होता?" मी म्हटलं, मधला. "मग तुला नाही कळायचं," त्या म्हणाल्या. 'मागास तालुका' हा शब्द तर त्या कागदावर दिसला की खोडायच्याच. मागास नाही रे, मागे ठेवलेला, म्हणायच्या.

आणि त्यांचं ते डोळे मिटणं! ऑफिसात त्यावर भरपूर हशा व्हायचा. बैठकीत तास-दीड तास झाला, की मॅडम पेन टोपणात घालायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. चेहरा इतका निवांत, की शेजारच्यालाही जांभई यावी. साहेब कधीकधी टोमणा मारायचे, झोप झाली का मॅडम? त्या डोळे उघडून अगदी सरळपणे सांगायच्या, "झोपले नव्हते. चिंचडोहला जाऊन आले."

चिंचडोह हा सुरगाण्याच्या अंगाला, गुजरातच्या हद्दीजवळचा एक पाडा. मॅडमना तो घर न् घर पाठ होता. कुणाच्या अंगणात फणस, कुणाच्या दारात कोंबड्यांचा डालगा, सारं डोळे मिटून सांगायच्या. मला आधी हे सोंग वाटायचं. मग त्यांच्याबरोबर जायला लागलो आणि माझंच मत फिरलं.

तो रस्ताच तसा आहे. सकाळी जीप निघाली की दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, शेततळी, गोडाऊनं, मोठमोठ्या घरांवर पाण्याच्या टाक्या. वणी मागे पडली की हळूहळू सगळं विरळ होत जातं. बागा संपतात, साग सुरू होतो. फोनच्या रेंजच्या कांड्या एकेक करत विझतात. घाटात धुकं असलं तर समोरच्या गाडीचा फक्त हॉर्न ऐकू येतो. तिथं कुठंतरी मॅडम हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या. आता ह्याचं काम नाही, म्हणायच्या. जीप उताराला लागली की वाटायचं, आपण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नाही, कुणाच्या तरी आठवणीत उतरतोय. नाशिक त्या वेळी खरं वाटायचं नाही.

सरकारनं तोवर ठरवलं होतं, की गावाचा आराखडा गावानंच करायचा आणि निधीचा काही भाग थेट गावाला द्यायचा. वरून कुणी सांगायचं नाही. मॅडमना या गोष्टीचा मनापासून आनंद झाला होता. एरवी आमच्याकडे आराखडा म्हणजे ग्रामसेवकाने घरी बसून लिहिलेला कागद आणि त्यावर अंगठे. मॅडमची पद्धत निराळी.

चिंचडोहची ती ग्रामसभा मी जन्मात विसरणार नाही. थंडीचे दिवस, दुपारची वेळ, उंबराखाली सगळा पाडा बसलेला. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांनी डोळे मिटा. आता सकाळ झाली. उठा. कुठं कुठं जाता ते मनात चालून या. घाई नाही." आणि तो आख्खा पाडा डोळे मिटून बसला. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, बिडी विझवलेले बाप्ये. उंबरावरची पाखरं तेवढी ऐकू येत होती. मी एकटाच उघड्या डोळ्यांचा, हातात लॅपटॉप घेऊन खुळ्यासारखा उभा. ती सगळी माणसं माझ्यासमोर बसून कुठंतरी चालत होती आणि मला काहीच दिसत नव्हतं.

मग डोळे उघडून त्यांनी जमिनीवर गाव मांडलं. घरांना खडे, वाटांना चुलीतली राख, शेतांना नागलीचे दाणे. नदीसाठी मॅडमच्या पर्समध्ये निळ्या रांगोळीची पुडी कायम असायची, ती निघाली. नदी पाड्याला अर्धा वळसा घालून जाते. पलीकडे शाळा, दवाखाना, जीपचा रस्ता. पावसाळ्याचे चार महिने पाडा इकडे आणि बाकीचं जग तिकडे. झिपरीबाई नावाची एक म्हातारी उठली. तिनं हातातली काचेची बांगडी काढली, निळ्या रांगोळीवर आडवी ठेवली आणि म्हणाली, "हितं. बाकी काय नाय दिलं तरी चालंल."

हवा होता साकव. साकव म्हणजे माणसांपुरता अरुंद पूल, गाडीघोड्याचा नाही. झिपरीबाईच्या नातीचं, सोनीचं, त्या उन्हाळ्यात लग्न ठरलं होतं, घरजावई येणार होता. म्हातारी मॅडमना म्हणाली की मी माझ्या सुनेला झोळीत घालून नेताना पाहिलंय, नातीला तसं नेताना बघायचं नाय मला. मॅडमनी तिचा हात हातात घेतला आणि माझ्यादेखत शब्द दिला. सरकारी माणसानं असा शब्द द्यायचा नसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आता माझं पाप सांगतो.

आराखडा गावानं करायचा होता हे खरं, पण तो भरायचा होता संगणकात, आणि संगणकात कामांची यादी आधीच ठरलेली. गावानं काय मागायचं ते गावानं ठरवायचं, फक्त आमच्या यादीत असेल तेच मागायचं! शेवटच्या तारखेला मी चिंचडोहचा साकव भरायला बसलो. यादीत साकव होता. पण तो निवडला की पुढची चौकट रस्त्याचा क्रमांक विचारायची, आणि पाड्याच्या पायवाटेला क्रमांकच नव्हता. क्रमांक नाही म्हणजे कागदावर ती वाटच नाही. चौकट रिकामी ठेवली की फॉर्म पुढं सरकेना. मॅडम दौऱ्यावर, फोन लागेना. मुदत संध्याकाळपर्यंत. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, काहीतरी जवळचं टाक, नंतर दुरुस्ती करून घेऊ. आमच्याकडे हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. गाव कोरं जाण्यापेक्षा काहीतरी गेलेलं बरं, असं मलाही वाटलं. मी यादी वरखाली केली आणि 'निवारा शेड' निवडलं. हिरवी खूण आली. मी चहा प्यायला गेलो.

संगणकात दुरुस्तीची सोय पुन्हा काही उघडली नाही. मॅडमच्या सहीसाठी आराखड्यांचा गठ्ठा गेला त्यात चिंचडोहही होतं. त्यांनी विश्वासाने सही केली. मी दोन-तीनदा सांगायला म्हणून त्यांच्या खोलीत गेलो आणि भलतंच काहीतरी विचारून परत आलो. खरं सांगतो, भीती वाटत होती. रागाची नाही, त्या काहीच बोलणार नाहीत याची.

सोनीचं लग्न होऊन गेल्यावर, पुढच्या होळीनंतर आम्ही पाड्यावर गेलो तेव्हा नदीच्या काठावर एक कोरा करकरीत प्रवासी निवारा उभा होता. निळे पत्रे, सिमेंटचा बाक, वर पाटी. जिथं रस्ता नाही, एसटी नाही, जीपसुद्धा पलीकडच्या काठाला थांबते, तिथं! पाड्यातली माणसं भोवती उभी होती. कुणी चिडलेलं नव्हतं, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांना वाटलं होतं, आधी हे येत असेल, मागून पूल येत असेल. झिपरीबाईनं विचारलं, "मॅडम, ह्यात बसून वाट कशाची बघायची?"

मॅडम त्या बाकावर बसल्या. डोळे मिटले. बराच वेळ बसल्या. मग उठून सगळ्यांना सांगितलं की चूक आमच्याकडून झाली, सही माझी आहे, पूल आलेला नाही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी सगळं सांगून टाकलं. घाट चढेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. वणी आली तसं घड्याळ हातात घालत म्हणाल्या, "रिकामं सोडायचं होतंस रे. रिकामी जागा कधीतरी कुणाला दिसते. भरलेल्या जागेकडे कोण बघतंय?"

बस्स. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोनीला पुढच्याच श्रावणात दिवस भरले. भर दुपारी कळा सुरू झाल्या. पाणी चढलेलं, पलीकडे जीप येऊन उभी, मध्ये नदी. चौघांनी तिला झोळीतून काठापर्यंत आणलं, पण पाण्यात पाय घालायची कुणाची हिंमत होईना. शेवटी त्या निवाऱ्यात, सिमेंटच्या बाकाशेजारी गोधड्या अंथरून ती बाळंत झाली. झिपरीबाईनंच सोडवलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या, हे नशीब.

ही बातमी बैठकीत पोचली तेव्हा साहेब खूश झाले. बघा, म्हणाले, शेड वाया गेली नाही, उपयोग झालाच. दोघं-तिघं हसले. मलाही, लाज वाटते सांगायला, छातीवरचा धोंडा जरा हलल्यासारखा झाला. मॅडम उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, अहिराणीतही गेल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, ती पोरगी तिथं वाट बघत होती. तिचं बाळंतपण दवाखान्यात व्हायचं होतं. ते शेडमध्ये झालं याचा आनंद आपण मानायचा नाही." मी मान खाली घातली ती बैठक संपेपर्यंत वर केली नाही.

निवृत्तीला त्यांचं वर्षही उरलं नव्हतं. लोक या दिवसांत पेन्शनचे कागद जमवतात. मॅडमनी वाट जमवायला घेतली. पाड्यापासून नदीपर्यंत आणि नदीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत ती पायवाट मोजायची, ग्रामसभेत ठराव घ्यायचा, की हा आमचा रस्ता आहे, आणि त्याला क्रमांक मागायचा. दिवाळीनंतर आम्ही मोजायला गेलो. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. त्या पुढं, मी मागं. टेप ताणायची, खूण करायची, पुन्हा चालायचं. गवत कमरेइतकं वाढलेलं, सुकून पिवळं पडलेलं. ऊन इतकं मऊ, की बोलावंसंच वाटेना. मधूनच त्या थांबून सांगायच्या, इथं बायका हंडे टेकवतात, इथं पोरं करवंदं खातात. मी टेपवरचा आकडा लिहायचो आणि शेजारी तेही लिहायचो. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. माझ्या नोकरीतला तेवढा एकच कागद मला वाचावासा वाटतो.

क्रमांक मिळाला मे महिन्यात, त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात. निरोपसमारंभाला शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. मॅडम भाषणात फक्त आभार मानून खाली बसल्या. जाताना माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या की नकाशा ऑफिसचा आहे, मी नेत नाही, पण सरळ करू नका. साकवाबद्दल एक शब्द नाही. प्रस्ताव तयार होता, पण मंजुरी जिल्ह्याच्या बैठकीत व्हायची होती, आणि त्या बैठकीत त्यांची खुर्ची आता नव्हती.

त्या बैठकीची यादी छापायचं काम माझ्याकडे होतं. बागायती तालुक्यांची कामं त्या वर्षी इतकी होती, की पानंच्या पानं भरली होती. सुरगाणा शेवटच्या पानावर, चिंचडोहचा साकव त्याच्याही शेवटी. मी ती यादी पाहत बसलो. मग डोळे मिटले. मला घर न् घर नाही दिसलं, मी काही मॅडम नाही. पण निळे पत्रे दिसले आणि त्यातला बाक दिसला. मी यादी उलटी केली. सुरगाणा एक नंबर, चिंचडोह त्यात पहिलं. प्रती काढल्या, फायलींत लावल्या आणि प्रत्येक खुर्चीसमोर ठेवल्या.

साहेबांनी फाईल उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. ते काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. पण माणसं बसली होती, दुसऱ्या प्रती काढायला वेळ नव्हता. सकाळची ताजी डोकी, भुका लागायच्या होत्या. कुणीतरी विचारलं, चिंचडोह म्हणजे ते शेडमध्ये बाळंतपण झालेलं का? मी हो म्हटलं. पाच मिनिटांत साकव मंजूर झाला. मला मात्र त्या प्रकाराबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला. तोही मी झक्कपैकी दिला.

मॅडमना मी फोन करून फक्त मंजूर झाल्याचं कळवलं. यादीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते त्यांना परतफेड दाखवल्यासारखं झालं असतं.

साकव पुढच्या उन्हाळ्यात झाला. त्या भाद्रपदात मी सुट्टीच्या दिवशी चिंचडोहला गेलो. एकटाच, एसटीने आणि मग जीपने. नदी भरून वाहत होती आणि तिच्यावरून लोक आरामात ये-जा करत होते. कुणी डोक्यावर भारा, कुणी खांद्यावर दप्तर, कुणी मागे वळून पाण्याकडे बघतही नव्हतं. मीच मेला डोळे फाडून बघत होतो. ओलांडून पाड्याच्या काठाला आलो, तर निवाऱ्याच्या बाकावर झिपरीबाई आणि देवरे मॅडम बसलेल्या! मॅडम माझ्यासारख्याच एकट्या येऊन राहिल्या होत्या, म्हातारीकडे, चार दिवस. केस सगळे पांढरे झाले होते. समोर सोनीची दोन वर्षांची पोर पत्र्यावरून गळणाऱ्या पाण्यात हात घालत होती. तिचं नाव रोशनी, पण पाड्यात सगळे तिला शेडवाली म्हणतात.

निघायची वेळ झाली तेव्हा मॅडम मला पोचवायला आल्या. रोशनीनं त्यांचं बोट धरलं होतं. साकवाच्या मध्यावर मॅडम थांबल्या. एक हात कठड्यावर ठेवला आणि डोळे मिटले. खालून गढूळ पाणी जात होतं. समोरच्या डोंगरावर ढग उतरला होता. पोर त्यांचं बोट ओढत होती, पण त्या हलेनात. बैठकीतला तोच निवांत चेहरा. मीही शेजारी उभा राहिलो.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी विचारलं, "मॅडम, कुठं जाऊन आलात?"

"नाशिकला," त्या म्हणाल्या. "मीटिंगला. चहा यायचा होता अजून. कुणीतरी यादी उलटी छापली होती."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि पाड्याकडे चालू लागल्या. मी जीपच्या बाजूला उतरलो, मागे वळून पाहिलं, तर ढग साकवापर्यंत आला होता आणि त्यात मला फक्त त्यांची पांढरी वेणी तेवढी दिसली.